मेलेली टाकी आणि तेजबीज

संध्याकाळ व्हायच्या आतच शेडांमधल्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कोंबड्यांच्या लांबच लांब शेडांच्या दोन रांगा, मधे ट्रक वळेल एवढी मोकळी जागा, आणि तिथं शेडवाले, त्यांच्या घरची माणसं, अंडी नेणारे टेम्पोवाले आणि मागच्या वस्तीतले रहिवासी. एरवी वस्तीतलं कोणी इकडे फिरकत नसे. कोंबडखताच्या वासानं त्यांच्या खिडक्या वर्षभर बंद असायच्या आणि माश्यांवरून शेडवाल्यांशी रोजची जुंपलेली असायची. आज मात्र सगळे एकमेकांना खेटून उभे होते, कारण मधोमध पत्र्याचं एक पिंप होतं आणि पिंपामागे तेजगुरू.

पन्नाशीचा माणूस, परीटघडीचे पांढरे कपडे आणि पाय अनवाणी. कोंबडखताच्या ओल्या राड्यात तो अनवाणी चालत आला, तेव्हाच निम्मी गर्दी त्याची झाली होती. शेडवालेसुद्धा गमबूट घालतात.

"सांगा, हे काय आहे?" मूठभर खत उचलून त्यानं विचारलं.

"घाण!" वस्तीच्या बाजूनं आवाज आला.

"घाण तुमच्या नाकात आहे. हे झोपलेलं तेज आहे. कोंबडी काय खाते? दाणा. दाण्यात काय असतं? सूर्य. सूर्य पोटात गेला, पोटातून बाहेर आला, आणि तुम्ही त्याला फावड्यानं ढकलता!" लोक हसले. "शिकलेले लोक म्हणतात, यातून गॅस निघेल, पण टाकी बांधा, शेण कालवा, दोन महिने थांबा. अहो, सूर्याला उगवायला दोन महिने लागतात का?"

"आमच्याकडे लाइट यायला लागतात," एक टेम्पोवाला म्हणाला. पुन्हा हशा.

"म्हणूनच मी आलोय."

त्यानं एक हवाबंद डबा उघडला. आत कापडात बांधलेल्या मुठीएवढ्या पुरचुंड्या होत्या. हे तेजबीज. उघडं ठेवायचं नाही, ओल्या हातानं शिवायचं नाही. ओल लागली की ते रुसतं. वस्तीतल्या एका म्हातारीला त्यानं पुढं बोलावलं, पिंपावर तळहात ठेवायला सांगितला, आणि दोन पुरचुंड्या आतल्या राड्यात टाकून झाकण आवळलं. आत फसफस सुरू झाली. झाकणातून निघालेल्या नळीच्या तोंडाशी त्यानं काडी धरली.

भक्कन ज्योत उठली. हातभर उंच, पिवळीधमक, टोकाला काळी रेघ सोडणारी. म्हातारीनं हात जोडले. ज्या बाईनं मागच्याच आठवड्यात वासाबद्दल तक्रार केली होती, ती शेजारच्या शेडवाल्याला म्हणाली, "आणि आम्ही उगाच नाकं मुरडत होतो हो!"

हे मी दैनिकाचा बातमीदार म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ज्योतीचा फोटो पहिल्या पानावर मोठा छापून आला.

गर्दीत सर्वांत पुढं एक शेडवाला उभा होता, उंच आणि ओढलेल्या चेहऱ्याचा. शेडांमध्ये त्याला 'टाकीवाला' म्हणत, कारण कोंबडखताच्या बायोगॅसची टाकी एकट्या त्याच्याकडे होती. ती त्यानं आणि त्याच्या थोरल्या बहिणीनं मिळून उभी केली होती. बहीण सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर. पहिले सहा महिने सगळे हसले. कोंबडखत नुसतं टाकून चालत नाही. ते इतकं उग्र असतं, की त्यातल्या अमोनियानं गॅस तयार करणारे जंतूच गुदमरतात. बहिणीनं शेण, भुसा आणि भरपूर पाणी मिसळत, चुकत, सुधारत प्रमाण बसवलं. मग एके दिवशी शेगडीवर निळी ज्योत लागली, भर दिवसा दिसणारही नाही इतकी फिकी. त्या ज्योतीवर टाकीवाल्यानं पिल्लांच्या कित्येक तुकड्या वाढवल्या. एका दिवसाच्या पिल्लाला अंगची ऊब नसते. पहिले काही दिवस त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते, नाहीतर ते जगत नाही. कोंबडीच्या धंद्यात पहिल्या आठवड्याला सगळे जपतात ते यासाठी.

या थंडीत टाकी बंद पडली. ज्योत आधी लहान झाली, मग फडफडली, मग लागेचना. तिन्हीसांजेला शेगडीपुढं उकिडवं बसून काड्या ओढणारा नवरा त्याच्या बायकोनं आठवडाभर पाहिला. शेजाऱ्यांना कारण लगेच सापडलं. टाकी रुसली. टाकीला दृष्ट लागली. कोंबडीखाद्याचं दुकान चालवणारा माणूस तर म्हणाला, "यंत्राला जीव नसतो, म्हणून ते मरतं. जिवंत उपाय पाहिजे." तेजगुरूला इकडे आणला तो यानंच, आणि तेजबीजाचे डबेही याच्याच दुकानात मिळू लागले.

नवी पिल्लं चार दिवसांवर आली होती. टाकीवाल्यानं त्याच अंगणात, सगळ्यांसमोर तेजगुरूच्या हाती टाकी सोपवली. तेजगुरूनं एकच अट घातली. "जुनी आग घराबाहेर काढ. सिलिंडर, त्यांच्या शेगड्या, दिवे, काही ठेवू नको. मागे दोरी बांधून पोहणारा कधी पोहत नाही."

दुसऱ्या दिवशी सिलिंडर परत गेले आणि उबेचे मोठे दिवे तारांसकट उतरवले गेले.

बहिणीला हे कळलं तेव्हा ती दवाखान्यातून थेट शेडवर आली. पुढचं बोलणं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, दोन्ही जुळलं.

"दिवे कुठायत?" तिनं दारातच विचारलं.

"काढले."

"आणि पिल्लं आली की काय करणार? तू उबवणार बसून?"

"ताई, तू ज्योत पाहिली नाहीस."

"लोकांनी वर्णन केलं. पिवळी, काजळी सोडणारी. आपली कशी होती रे? निळी. वास कसला येत होता?"

"लसणासारखा."

"कोंबडी लसूण खाते का?"

बायकोला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

"तुझी टाकी दोन महिने मागते," तो म्हणाला. "त्याची दोन मिनिटं. माझी पिल्लं परवा येतायत. मी काय करू, त्यांना सांगू, थांबा गं बायांनो, ताईचं शेण कुजतंय?"

बहीण तडक वळली. ती टाकीकडे गेली. खत आत सोडायच्या चौकोनी खड्ड्यापाशी वाकली, खड्ड्यापासून शेडच्या दारापर्यंत तिनं गटाराचा नजरेनं उलटा माग काढला, आणि मग परत येऊन विचारलं, "मागची तुकडी विकल्यावर शेड धुतलीस?"

"धुतली म्हणजे? चकाचक. तूच म्हणतेस ना, मागच्या साथीनंतर औषधाशिवाय शेड धुवायची नाही."

"कशानं धुतलीस?"

"जंतुनाशकानं. दोनदा. चुनाही मारला वर."

"आणि पाणी?"

त्यानं गटाराकडे पाहिलं. पाणी गटारानं खड्ड्यात गेलं होतं आणि खड्ड्यातून टाकीत. इथल्या शेडवाल्यांना साथीचा इतका धसका आहे, की तुकडी गेली की ते शेड दवाखान्यासारखी धुतात, आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. टाकीवाला त्यांच्यात सर्वांत चोख. गॅस करणारे जंतूही जंतूच असतात. जंतुनाशक त्यांना वेगळं काढत नाही.

"म्हणजे मी मारली," तो म्हणाला.

"तसं नाही रे..."

"कसं मग? सरळ बोल ना. टाकी मी मारली."

"चूक झाली. मलाही सुचलं नाही सांगायचं. टाकी रिकामी करू, ताजं शेण घालू, दीड-दोन महिन्यांत परत लागेल. ही तुकडी सिलिंडरवर काढ. मी आणते."

"शब्द दिलाय मी. सगळ्यांसमोर."

"पिल्लांना काय सांगशील, शब्द पांघरा?"

तो उठून शेडमध्ये गेला. बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर असेल. पण तुम्ही आलात की यांना आपण गुन्हेगार आहोत असं वाटतं. ते गुरू आले त्या दिवशी हे आठवड्यात पहिल्यांदा जेवले."

बहीण तिथून वेल्डिंगच्या दुकानात गेली. तिथं कोपऱ्यात तसलाच हवाबंद डबा होता आणि आत तसलेच राखाडी खडे, फक्त कापडात बांधलेले नव्हते. त्यांना तिथं कोणी तेजबीज म्हणत नव्हतं. कॅल्शियम कार्बाइड. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागं पांढरा चुना उरतो. कित्येक वेल्डर याच वायूच्या ज्योतीवर लोखंड कापतात. वायू शुद्ध नसला की त्याला लसणासारखा वास येतो. त्याला ना कोंबडी लागते ना खत, ना म्हातारीचा तळहात.

पिल्लं यायच्या आदल्या दुपारी टाकीत तेजबीज सोडण्याचा समारंभ होता. गर्दी पहिल्या दिवसापेक्षा मोठी. बहीण एक स्वच्छ पिंप घेऊन आली, तसंच झाकण, तशीच नळी. पिंपात तिनं सगळ्यांसमोर नळाचं पाणी भरलं, आणि खाद्यवाल्याला म्हणाली, "तुमच्या दुकानातलाच डबा द्या. फोडलेला नको, तुम्हीच फोडा."

खाद्यवाल्यानं तेजगुरूकडे पाहिलं. तेजगुरूनं हसून मान डोलावली.

"हे पाणी आहे," ती म्हणाली. "प्या कोणीही." एका टेम्पोवाल्यानं ओंजळभर पिऊन दाखवलं. "यात खत नाही, कोंबडी नाही, सूर्य नाही. आता बघा."

तिनं एक पुरचुंडी टाकली, झाकण लावलं, सगळ्यांना लांब सरकवलं आणि लांब काठीला काकडा बांधून पेटवला. भक्कन ज्योत उठली. तशीच पिवळी, तशीच काजळी, तसाच लसणाचा वास.

मागच्या शेडमध्ये कोंबड्यांची कलकल तेवढी ऐकू येत होती.

"हा कार्बाइडचा खडा आहे," ती म्हणाली. "वेल्डरकडे मिळतो. पाण्यात टाकला की जळणारा वायू सोडतो. खडा संपला की ज्योत संपते. तुमच्या खतातून एक फुंकरभरसुद्धा गॅस निघालेला नाही. ते होतं तसंच खाली बसलंय, वर चुना घालून. आणि बंद टाकीत हे टाकणं म्हणजे स्वतःच्या घरात स्फोटाची तयारी करणं आहे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक शेडवाला "आयला" म्हणाला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस इथून अनवाणी पळत जाणार.

तेजगुरू पुढं आला. डॉक्टरबाईंना त्यानं वाकून नमस्कार केला. "ताई, मी इतके दिवस लोकांना खतातलंच तेज दाखवत होतो. मला वाटायचं, पाण्यातलं दाखवलं तर यांना झेपणार नाही. ते तुम्ही दाखवलंत." तो गर्दीकडे वळला. "बघितलंत? खतसुद्धा नको! नुसतं पाणी! ज्यांचा विश्वास नाही, त्यांच्या हातूनसुद्धा पेटलं!"

आधी खाद्यवाल्यानं टाळी वाजवली. मग म्हातारीनं. मग सगळ्या अंगणानं.

"अहो, डबा कार्बाइडचा आहे!" बहीण ओरडत होती. "वेल्डरला विचारा!"

"म्हणजे वेल्डरकडेही तेज आहे म्हणा की," तोच पाणी प्यालेला टेम्पोवाला म्हणाला, आणि तो थट्टा करत होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

टाकीवाला टाळ्या वाजवत नव्हता. तो जमिनीकडे पाहत उभा होता. खाद्यवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यानं टाकीचं झाकण उघडलं, पण बहिणीकडे पाहिलं नाही. तिच्या पाण्याच्या पिंपाचा फोटोही मी काढला होता. तो छापून आला नाही.

पिल्लं दुसऱ्या दिवशी सकाळी आली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. भुशाच्या स्वच्छ गादीवर ती सोडली तेव्हा शेड पिवळ्या चिवचिवाटानं भरून गेली. थोड्याच वेळात बहीण टेम्पोतून भरलेले सिलिंडर आणि शेगड्या घेऊन फाटकाशी आली. बायकोनं फाटक उघडलं नाही.

"जुनी आग आत आली तर तेज जातं, असं गुरू म्हणाले," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच पटत नव्हता. "ताई, आजचा दिवस राहू द्या. उद्या बघू."

"उद्यापर्यंत पिल्लं थांबत नाहीत गं."

"मी त्यांना विचारते." ती आत गेली आणि बाहेर आली नाही. बहिणीनं सिलिंडर फाटकाशी उतरवून ठेवले, शेगड्या त्यांवर ठेवल्या आणि भावाला हाका मारल्या. आतून शेडच्या जाळ्यांवरचे पडदे सोडल्याचा आवाज आला.

नंतर जे घडलं त्यात गूढ काही नाही. प्रत्येक खेपेची ज्योत थोडा वेळ टिके, मग खडे संपत आणि ती बसे. टाकीवाला डबा उघडून पुन्हा पुरचुंड्या टाके. निळ्या ज्योतीसाठी बनवलेल्या टाकीच्या शेगड्यांची भोकं काजळीनं बुजत गेली. टाकी जुनी, कुठून कुठून गळणारी, म्हणून फुटली तरी नाही, एवढंच नशीब. शेवटचा डबा संपला तेव्हा खाद्यवाल्याचं दुकान बंद झालं होतं आणि बाहेर वर्षातली सर्वांत कडक थंडी होती.

गारठलेली पिल्लं एका जागी थांबत नाहीत. ती उबेसाठी एकमेकांच्या अंगावर चढतात, कोपऱ्यात ढीग करतात, आणि ढिगाखालची गुदमरतात. सकाळी पडदे वर केले तेव्हा प्रत्येक कोपऱ्यात असा एकेक ढीग होता. वरची काही अजून हलत होती. फाटक आता कोणी अडवत नव्हतं; बहीण त्यांना ढिगांतून काढून खोक्यांत भरत होती, तिच्या कोटाच्या खिशातही दोन होती. टाकीवाला फावडं घेऊन उभा होता आणि त्याला ते उचलता येत नव्हतं.

दुपारी तेजगुरू आला. दारातूनच त्यानं आत पाहिलं, डोळे मिटले, उघडले. "फाटकाशी सिलिंडर कोणी आणले?"

सगळ्यांच्या नजरा बहिणीकडे वळल्या.

"मी अट घातली होती. तेज आलं होतं, सगळ्यांनी पाहिलं. शंका दारात येऊन बसली आणि ते गेलं." त्याच्या आवाजात राग नव्हता, दया होती. तेवढी दया पुरली. संध्याकाळपर्यंत सगळ्या शेडांना ठाऊक झालं होतं, की टाकीवाल्याची पिल्लं त्याच्या बहिणीनं मारली.

तेजगुरू त्यानंतर तीन शेडांमध्ये गेला. तिथल्यांनी जुने दिवे ठेवूनच तेजबीज वापरलं, त्यामुळे त्यांची पिल्लं जगली, आणि श्रेय तेजबीजाला मिळालं.

बहिणीनं टाकीतला राडा तपासायला नेला. आता त्यात जंतुनाशक होतंच, वर कार्बाइडचा चुना होता. चुन्यानं खतातला अमोनिया आणखी मोकळा होतो. टाकी आता नुसत्या ताज्या शेणानं सुधारणार नव्हती. ती पूर्ण उपसून, धुऊन, पहिल्यापासून सुरू करायला हवी होती. हे सांगायला ती भावाकडे गेली, तेव्हा मी फाटकापर्यंत सोबत होतो; आतलं बोलणं नंतर तिनं सांगितलं.

तो रिकाम्या शेडमध्ये भुशावर बसला होता.

"तुला कळत नाही असं नाही," ती म्हणाली. "पाण्यावर पेटलेलं तू पाहिलंस. डब्यात काय आहे ते तुला माहीत आहे. एकदा सगळ्यांसमोर बोल. तू बोललास तर ऐकतील. माझं नाही ऐकणार."

"कळतं गं, ताई," तो म्हणाला. "त्याच दिवशी कळलं. पण तुझं खरं मानलं तर टाकी मी मारली आणि पिल्लंही मी मारली. त्याचं मानलं तर टाकी रुसली आणि पिल्लं तुझ्या शंकेनं मेली." त्यानं मूठभर भुसा उचलून सोडून दिला. "तू सहन करशील. माझ्यानं नाही होणार."

ती निघाली. दारात भावाच्या बायकोनं तिचा हात धरला, काही म्हणणार होती, पण आतून खोकल्याचा आवाज आला आणि तिनं हात सोडला.

हे लिहिल्यानं टाकीवाल्याचं मन बदलेल असं मला वाटत नाही. तेजगुरू आता पुढच्या गावी आहे. तिथं तो खत वापरतच नाही, नुसतं पाणी वापरतो, आणि गर्दी दुप्पट असते. पण ज्यांच्या अंगणात तो अजून पोचलेला नाही, त्यांच्यासाठी एवढंच. कोंबडखतातून गॅस निघतो, हे खरं आहे. त्यावर चूल पेटते, दिवा लागतो, पिल्लं जगतात. त्यासाठी शेण लागतं, भुसा लागतो, पाणी लागतं, आणि काही आठवडे लागतात. ते आठवडे कोणी माफ करत असेल, तर त्याचा डबा मागा आणि त्यातला खडा साध्या पाण्यात टाकून त्यालाच, उघड्यावर, लांबून पेटवून दाखवायला सांगा. पेटला, तर खत खोटं नाही. माणूस खोटा आहे. आणि यंत्र बंद पडलं, तर कोण रुसलं हे विचारू नका. आपण त्यात काय टाकलं ते विचारा. उत्तर आपल्यावरच येईल. बहुतेक वेळा येतं. तरी विचारा, पिल्लं यायच्या आत.